सुटा भाग कुणाच्या हाती द्यायचा?

(शिरूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लष्करी विमानांच्या सुट्या भागांची दुरुस्ती बाहेरच्या कारखान्यांकडे द्यायची तर त्या कारखान्यांची पारख कशी करायची, हा आजचा विषय. तो कळवला तेव्हा संयोजकांनी अदबीनं विचारलं, "सर, आपल्या भागाशी याचा काही संबंध लावता येईल का?" मी म्हटलं, लावायला कशाला हवा, तो आहेच.

१३ डिसेंबर २०११ रोजी लोहगावहून उडालेलं सुखोई-३० वाडेबोल्हाईच्या परिसरात कोसळलं. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी दुसरं सुखोई थेऊरजवळ पडलं. म्हणजे एक शिरूरकडे येणाऱ्या नगर रस्त्याच्या अंगाला, दुसरं दौंडकडे जाणाऱ्या सोलापूर रस्त्याच्या अंगाला. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक छत्रीनं सुखरूप उतरले आणि गावातल्या कुणाच्या जिवावर बेतलं नाही, हे आपलं नशीब. थेऊरच्या वेळी विमान उतरायच्या बेतात होतं. वैमानिकांनी कळ न ओढताच त्यांची आसनं बाहेर फेकली गेली, असं तेव्हा हवाई दलाकडून सांगण्यात आलं. त्यानंतर देशातली सगळी सुखोई, सुमारे दोनशे विमानं, तपासणीसाठी जमिनीवर बसवून ठेवली. त्या अपघाताचं कारण काय आणि त्यावर कुणाचे काय मतभेद झाले, यात मी आज शिरत नाही. एका आसनाबद्दल शंका आली की दोनशे विमानं थांबतात, एवढंच ध्यानात ठेवा.

आता दुसरा संबंध. रांजणगावात शेड चालवणारे कितीतरी जण समोर बसले आहेत. त्यांचा एक प्रश्न मी अनेकदा ऐकलेला आहे. "आमच्याकडे पाच अ‍ॅक्सिसचं मशीन आहे, मापं तपासणारं सीएमएम आहे, आयएसओचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे. मोटारवाल्यांना लाखांनी पार्ट पाठवतो, तक्रार नाही. मग विमानाचं काम आम्हाला का मिळत नाही?"

प्रश्न रास्त आहे. त्याला "सरकारी कारभार असाच असतो" हे उत्तर नेहमी मिळतं. ते थोडं खरं आहे, पण त्यानं मूळ कारण झाकलं जातं. म्हणून आज जरा आत शिरू.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्याच जिल्ह्याच्या अंगणातला आहे. वालचंदनगर आपल्याच जिल्ह्यातलं, इंदापूर तालुक्यातलं. ते ज्यांनी वसवलं त्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. पुढे जिचं एचएएल झालं, तीच ही. स्वप्न विमानं बांधण्याचं होतं आणि थोडी बांधलीही. पण महायुद्ध दाराशी आलं, १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ पासून तो कारखाना अमेरिकी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो म्हणून चालला. डकोटा, कॅटलिना अशी विमानं तिथं उघडली जात, तपासली जात, परत जोडली जात. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या विमान कारागिरांचा हात असा दुरुस्तीवर बसला. हे मुद्दाम सांगतो, कारण दुरुस्ती म्हणजे दुय्यम काम, खरा मान नवं बनवणाऱ्याचा, अशी आपली एक समजूत असते.

पुढे मिग-२१ चा करार झाला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना आला. त्याच ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. मिग-२१ पासून मिग-२९ पर्यंतची विमानं तिथं पूर्ण उघडून परत उभी केली गेली आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या डेपोनं पहिलं सुखोई-३० ओव्हरहॉल करून हवाई दलाला परत दिलं. मधल्या काळात १९९१ साली सोव्हिएत संघच फुटला. जे पार्ट एका देशातून यायचे त्यांचे कारखाने रातोरात वेगवेगळ्या देशांत गेले. कुठं कारखाना बंद, कुठं भाव चौपट. तेव्हापासून आपल्या डेपोंना एक धडा मिळाला : जो भाग दुरुस्त करता येत नाही, तो एक दिवस मिळेनासा होतो. २०२२ च्या युक्रेन युद्धानं तोच धडा पुन्हा गिरवायला लावला. त्यामुळे आज हवाई दलाला, एचएएलला बाहेरच्या कारखान्यांची गरज आहे, हे नक्की. गरज आहे म्हणून दार सताड उघडायचं का? तर नाही. का नाही, ते सांगतो.

विमानात भाग हजारोंनी असतात. पंख्याचं बटण मोडलं तर वैमानिक घामाघूम होईल, विमान पडणार नाही. पण काही भाग असे असतात की तो एक गेला की विमान गेलं, नाहीतर वैमानिक गेला. त्याच्या मागे दुसरा आधार नसतो. लँडिंग गिअरचा मुख्य दांडा, टर्बाइनची चकती, प्रोपेलरचं पातं, आसनाखालची स्फोटक काडतुसं, हेलिकॉप्टरची स्वॉशप्लेट. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर पडलं, तिघे गेले. चौकशीत स्वॉशप्लेट तुटल्याचं निघालं आणि तिन्ही दलांची आणि तटरक्षकांची तीनशेहून अधिक ध्रुव जमिनीवर बसली. वैमानिक जे हालवतो ते फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारा हा भाग. तो तुटला की वैमानिकाच्या हातात उरते ती नुसती दांडी.

मी आज बोलतोय ते फक्त अशा भागांबद्दल. बाकीचे भाग जरूर सैल हातानं बाहेर द्यावेत. आपल्याकडे उलटं होतं, खुर्चीच्या कव्हरला आणि टर्बाइनच्या चकतीला सारखाच कागदांचा ढीग लावतात. मग सगळेच त्या ढिगाला कंटाळतात आणि नेमका महत्त्वाचा कागद न वाचता सही होते.

आता मुद्द्यावर येतो. नवा भाग बनवणं आणि जुना दुरुस्त करणं, यात फरक काय?

नव्या भागाला ड्रॉइंग असतं. धातू कुठला, माप काय, टॉलरन्स किती, सगळं कागदावर. मोटारीचे लाख नग एकाच ड्रॉइंगचे असतात, एकदा मशीन बसवलं की पहिला आणि लाखावा सारखा. दुरुस्तीला आलेल्या भागाला ड्रॉइंग असतंच, शिवाय त्याला पूर्वायुष्य असतं. हा दांडा कुठल्या विमानात होता? किती वेळा उतरला? त्यात किती वेळा आदळून उतरला? समुद्राकाठच्या तळावर होता की वाळवंटात? आधी कुणी घासला, किती घासला, कुणी प्लेटिंग केलं? वर्षाकाठी सहा नग येतात आणि सहाही वेगळे. सहापैकी दोन असे असतात की ते दुरुस्त करूच नयेत. ते दोन ओळखता येतात का आणि ओळखल्यावर तसं लिहून देता येतं का? माझ्या मते सगळी परीक्षा इथं आहे.

याचं सगळ्यात कडू उदाहरण अमेरिकेचं आहे. १० जुलै २०१७. मरीन कोअरचं केसी-१३०टी, म्हणजे आपल्या हवाई दलात जे हर्क्युलस आहे त्याच घराण्यातलं जुनं विमान, नॉर्थ कॅरोलायनाहून कॅलिफोर्नियाकडे निघालेलं. वीस हजार फुटांवर, स्वच्छ हवेत, मिसिसिपी राज्यावर असताना डाव्या आतल्या इंजिनाच्या प्रोपेलरचं एक पातं निखळलं. ते विमानाचं धड कापत आत घुसलं. त्या हादऱ्यानं पलीकडच्या बाजूचा प्रोपेलरही सुटला आणि तोही धडावर आदळला. विमानाचे आकाशातच तुकडे झाले. पंधरा मरीन आणि नौदलाचा एक वैद्यकीय सैनिक, सोळाच्या सोळा गेले.

चौकशी झाली. पातं तपासलं. त्याच्या मुळाशी, आतल्या पोकळीच्या भिंतीवर, गंजाचे खड्डे होते आणि त्यातून तडा निघाला होता. हे पातं २०११ साली जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्स इथल्या डेपोत ओव्हरहॉल होऊन आलं होतं. ओव्हरहॉलमध्ये गंज पूर्ण खरवडून काढायचा असतो, तडा तपासायचा असतो आणि मग वरचे थर द्यायचे असतात. इथं गंज राहिला आणि त्यावर थर बसले. पातं पास झालं. कागद बरोबर झाले. पुढे सहा वर्षं ते उडत राहिलं आणि आत तडा वाढत राहिला. मधे तुकडीच्या पातळीवरही एका तपासणीत तो सापडू शकला असता, तीही संधी हुकली.

इथं दोन गोष्टी नीट बघा. पहिली, हा डेपो खाजगी नव्हता. तो अमेरिकी हवाई दलाचा स्वतःचा होता, पिढ्यान्पिढ्या हेच काम करणारा. त्यामुळे "अशी कामं सरकारीच ठेवावीत, खाजगीवाला नफ्यासाठी पातळ करतो" हे जे आपल्याकडे ठासून सांगितलं जातं, त्यानं इथं काही वाचलं नसतं. दुसरी, त्या डेपोकडे मशीन नव्हती असं नाही, मॅन्युअल नव्हतं असं नाही, मंजुरी नव्हती असंही नाही. मंजुरी होती. सवय सुटली होती. मंजुरी एकदा दिली की ती आपोआप चालू राहते आणि सवय मात्र दररोज जपावी लागते. मंजुरी देणाऱ्यानं परत परत जाऊन बघायचं असतं ते यासाठी.

आता हे सगळं रांजणगावच्या एका शेडमध्ये आणून बघू. लँडिंग गिअरचा एक पोलादी दांडा तुमच्याकडे आला. त्याच्यावर कठीण क्रोमचा थर आहे, तो झिजलाय. काम काय? जुना क्रोम काढायचा, खालचं पोलाद तपासायचं, मर्यादेतच घासायचं, शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करायचं, नवा क्रोम चढवायचा, मापाला घासायचं. ऐकायला सोपं.

जुना क्रोम काढला की पोलाद उघडं पडतं. आता त्याला सौम्य आम्लाचा हात द्यायचा. मागच्या खेपेला कुणी ग्राइंडिंग करताना चाक जास्त दाबलं असेल, कूलंट कमी पडलं असेल, तर तिथलं पोलाद जळलेलं असतं. वरून ते आरशासारखं चमकतं. आम्ल लावलं की तिथं काळसर डाग उमटतो. आधीच्या कारागिराचं पाप असं डोळ्यांपुढं येतं. मग चुंबकीय तपासणी, तड्यासाठी. हाच भाग अ‍ॅल्युमिनियमचा किंवा टायटॅनियमचा असता तर चुंबक कामाचा नव्हता, तिथं पेनेट्रंट, म्हणजे तड्यात झिरपणारं द्रव, लागतं. त्यात अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली तड्याची रेघ हिरवी-पिवळी चमकते. तिथला तपासनीस खोलीत शिरल्याबरोबर काम सुरू करत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबतो. उन्हात काळा होणारा चष्मा त्याला चालत नाही. दर वर्षी जवळच्या नजरेची परीक्षा द्यावी लागते. आयटीआय-पॉलिटेक्निकच्या मुलांनो, हे लिहून घ्या. एखादा ऑडिटर येतो, तो तुमच्या महागड्या मशीनकडे बघतही नाही आणि पहिला प्रश्न विचारतो, या माणसाचे डोळे शेवटचे कधी तपासले?

मग क्रोम. आणि इथं खरी मेख आहे. क्रोमच्या टाकीत वीज सोडली की क्रोमबरोबर हायड्रोजनही सुटतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. आपल्या नेहमीच्या मऊ पोलादाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण लँडिंग गिअरचं पोलाद फार ताकदीचं असतं आणि जितकं ताकदीचं तितकं ते या हायड्रोजनला नाजूक. तो आत राहिला तर भार पडल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी दांडा काचेसारखा तुटतो. आधी वाकत नाही, इशारा देत नाही. म्हणून टाकीतून काढल्यावर साधारण चार तासांच्या आत तो ओव्हनमध्ये गेला पाहिजे, १९० अंशांच्या आसपास, आणि अशा पोलादाला २३ तास तिथं राहिला पाहिजे. पोलादाच्या जातीप्रमाणे आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, मुद्दा तोच.

आता समजा, रात्री अडीचला फीडर ट्रिप झाला. आपल्याकडे होतो की नाही? होतो. जनरेटर लागायला वेळ गेला, ओव्हन खाली आला. चौदा तास झाले होते, नऊ राहिले होते. रात्रपाळीचा मुलगा एकटा. सकाळी ट्रक यायचाय. तो काय करील?

त्याला तीन वाटा आहेत. एक, लाईट आल्यावर पुढचे नऊ तास मोजायचे आणि गप्प बसायचं. दोन, आपल्या अकलेनं परत पहिल्यापासून २३ तास लावायचे आणि तेवढंच लिहायचं. तीन, वहीत लिहायचं की अडीचला वीज गेली, तापमान इतकं खाली आलं, इतका वेळ गेला, आणि साहेबांना उठवायचं. साहेबांनी तो भाग लाल खूण लावून बाजूला ठेवायचा आणि ज्याच्याकडे त्या भागाच्या डिझाइनची जबाबदारी आहे त्याला विचारायचं. परत भाजला तर चालेल की भाग टाकून द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार शेडच्या मालकाला नाही.

आणि गंमत बघा. नंतर तो दांडा पाहिला तर तिन्ही वाटांचा दांडा अगदी सारखा दिसतो. सीएमएमवर ठेवा, माप बरोबर. चुंबकावर ठेवा, तडा नाही. ओव्हनच्या तक्त्यावरची एक रेघ आणि त्या मुलाची वही, एवढाच पुरावा. कारखान्याची पारख करायची म्हणजे ती रेघ आणि ती वही खरी आहे का, याची पारख करायची. पाच अ‍ॅक्सिसच्या मशीननं हे सिद्ध होत नाही, म्हणून ते दाखवून मंजुरी मिळत नाही.

म्हणूनच ही मंजुरी कारखान्याच्या नावाला सरसकट मिळत नाही. आपल्या देशात लष्करी विमानांच्या बाबतीत दोन मोठ्या यंत्रणा आहेत. बंगळुरूची सेमिलॅक, ही डीआरडीओतली, डिझाइन हवाई वापराला योग्य आहे का ते पाहते. तिची शाखा नाशिकलाही आहे. दुसरी डीजीएक्यूए, ती कारखाना आणि त्याची गुणवत्तेची घडी तपासते आणि प्रत्यक्ष मालावर नजर ठेवते. आता इमटार-२१ नावाची नियमावली आहे, त्याआधी २००२ ची होती. शिवाय हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, वेल्डिंग, तडातपासणी या खास प्रक्रियांसाठी नॅडकॅपसारखी आंतरराष्ट्रीय पडताळणी असते, कारण या प्रक्रियांचं बरंवाईट तयार मालावर दिसत नाही. सगळ्यांचा गाभा एकच : अमुक कारखान्यात, अमुक जागी, अमुक पद्धतीनं, अमुक भागावर, अमुक काम. ओव्हन चार नंबरच्या शेडमधून सात नंबरला हलवला, तर कळवा. प्लेटिंग बाहेरून करून घ्यायचं ठरवलं, तर परत या. अमेरिकेत तर २००३ नंतर कायद्यानंच हे सांगितलंय की अशा अतिमहत्त्वाच्या भागांसाठी पुरवठादार आणि दुरुस्ती करणारा निवडताना डिझाइन सांभाळणाऱ्या तांत्रिक कार्यालयाची मान्यता हवी. खरेदी अधिकाऱ्याला निविदा काढता येते, पण मान्यता नसलेल्याला काम देता येत नाही.

दौंडकरांना हे काही नवं नाही. जंक्शनच्या गावात वाढलेल्याला रेल्वेची शिस्त ठाऊक असते. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या यादीत नाव असल्याशिवाय सुरक्षेचा भाग रेल्वेला विकता येत नाही आणि नव्या पुरवठादाराला आधी थोडी प्रायोगिक ऑर्डर मिळते, ती पार पडली की पुढची पायरी. विमानाची पद्धत याच जातीची आहे, फक्त चाळण जास्त बारीक.

कागदाचं महत्त्व सांगतोय म्हणून कुणी असं समजू नये की कागद म्हणजे सत्य. ८ सप्टेंबर १९८९ ला नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचं विमान ओस्लोहून हॅम्बुर्गला जाताना डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं, ५५ जण गेले. शेपटाला धरून ठेवणारे बोल्ट बनावट निघाले. २०२३ मध्ये लंडनच्या एका व्यापाऱ्यानं प्रवासी विमानांच्या इंजिनांचे भाग खोट्या प्रमाणपत्रांवर विकल्याचं उघड झालं आणि जगभरच्या कंपन्यांना आपली इंजिनं उघडून बघावी लागली. म्हणून निकामी ठरवलेला भाग नुसता लाल रंगवून भंगारवाल्याला द्यायचा नसतो. तो कापायचा, ठेचायचा, परत कुणाला वापरताच येणार नाही असा करायचा. आपल्याकडे भंगारातून काय काय परत उगवतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता मी अशा मुद्द्यावर येतो की तो ऐकून काही सरकारी मित्र नाराज होतील. होऊ देत.

आपण दुरुस्तीचे पैसे कसे देतो? नगामागे. दांडा दुरुस्त होऊन पास झाला, पैसे मिळाले. दांडा उघडला, तपासला, आत जळलेला निघाला, कारखानदारानं प्रामाणिकपणे लिहिलं "हा दुरुस्त होत नाही", तर? तर काम झालं नाही. क्रोम काढायचा खर्च, आम्लाचा खर्च, तपासनीसाचा दिवस, सगळं त्याच्या अंगावर. आणि कधी कधी वर विचारणा येते, आमचा भाग तुम्ही का फुकट घालवला? म्हणजे एका हातानं आपण सांगतो, तुझ्यात नाही म्हणण्याची हिंमत हवी, आणि दुसऱ्या हातानं प्रत्येक नकाराला दंड लावतो. वर निविदा सगळ्यात कमी भाववाल्याची. जो कमी भाव देतो, तो नकाराचा खर्च धरतच नाही. मग तो नकार देणार कसा?

माझं म्हणणं साधं आहे. उघडून तपासण्याचा दर वेगळा ठेवा आणि तो भाग पास होवो की नापास, द्या. दुरुस्तीचा दर त्याच्या पुढे. अमेरिकी लष्कराच्या करारांत अशी वेगळी ओळ ठेवण्याची पद्धत आहे. तुम्ही म्हणाल, मग तो सगळेच नापास करून तपासणीचे पैसे घेत बसेल. बरोबर शंका आहे. त्याला उपाय आहे : तपासणीचा दर दुरुस्तीपेक्षा बराच कमी ठेवा, नापास भाग पुराव्यासकट परत मागवा आणि त्यातले काही आपल्या डेपोत स्वतः पुन्हा तपासा. वर्षभरात त्यानं किती भाग नापास केले, हेही मोजा. मला विचाराल तर जुन्या विमानांचे भाग दुरुस्त करणारा आणि वर्षात एकही नापास न करणारा कारखाना मला जास्त धडकी भरवतो.

दुसरं म्हणजे, मंजुरीच्या परीक्षेसाठी खरे भाग लागतात. प्रक्रिया सिद्ध करायची तर काही भाग दुरुस्त करून, नंतर कापून, तोडून आत काय झालं ते बघावं लागतं. हे भाग आणायचे कुठून? छोट्या कारखानदाराला ते बाजारात मिळत नाहीत आणि मिळू नयेत. मग डेपोनं द्यावेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. त्याचे दांडे, चकत्या, पाती हवाई दलाकडे आहेत. काही विमानं संग्रहालयात जातील, काही चौकात उभी राहतील, चांगलं आहे. पण काही भाग नंबर काढून, परत विमानात बसणार नाहीत अशी पक्की खूण करून, सरावासाठी आणि परीक्षेसाठी उमेदवार कारखान्यांना मोजून द्यावेत आणि तुकडेसुद्धा मोजून परत घ्यावेत. ज्याच्यात आधीपासून तडा आहे असा भाग मुद्दाम मिसळून द्यावा. सापडला तर पुढची पायरी. नाही सापडला तर, धन्यवाद, सहा महिन्यांनी या.

आणि शिरूर-दौंडनं काय करावं? प्रत्येकानं विमानाचा अख्खा भाग घ्यायच्या मागे लागू नये. एकट्या छोट्या शेडला हे झेपणार नाही. वर्षाला सहा नग, त्यासाठी ऑडिट, तज्ज्ञ, वेगळा ओव्हन, नोंदी कित्येक वर्षं जपायच्या. हिशेब बसत नाही. पण तडातपासणीची एक चांगली प्रयोगशाळा, एक शिस्तीचं प्लेटिंगचं दालन पाच-सात कारखान्यांनी मिळून उभं केलं तर बसेल. सहकारात साखर काढलेल्या भागाला हे शिकवायची गरज नाही. सहकारात काय बिघडतं हेही आपल्याला कुणी शिकवायला नको, म्हणून एक अट आधीच घाला : त्या प्रयोगशाळेचा तपासनीस कुठल्याही सभासद कारखान्याचा नोकर नसावा आणि त्यानं नापास केलेला भाग संचालक मंडळाला पास करता येऊ नये. चेअरमनचा फोन आला तरी नाही.

कुरकुंभच्या रसायन कारखान्यांतल्या लोकांना सांगतो, तुम्ही स्वतःला यातून वगळू नका. तुमच्याकडे औषधं बनतात. बॅचचा कागद वेळच्या वेळी भरायचा, खाडाखोड करायची तर एक रेघ ओढून सही-तारीख टाकायची, मागाहून पानं बदलायची नाहीत, ही शिस्त तुमच्या ऑपरेटरना आधीपासून आहे. रांजणगावच्या मशीनवाल्यांना ती शिकायला वर्षं लागतात. विमानाच्या कामाला लागणारी माणसं कदाचित तुमच्याच पाळीत बसलेली असतील.

विद्यार्थ्यांसाठी एकच. तडातपासणीचं शिक्षण घ्या, पहिली-दुसरी पातळी पूर्ण करा. मुलींनो, तुम्ही विशेष करून. वजन उचलायचं काम नाही, नजर आणि चिकाटी लागते. आणि मुलाखतीला गेलात, नोकरी लागायच्या बेतात असली, तर मालकाला एक प्रश्न जरूर विचारा : मी नापास केलेला भाग इथं कोण पास करू शकतो? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघा आणि मग पगाराचं बोला.

प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवायला सांगितलं होतं, त्यातली दहा मिनिटं मी आधीच खाल्ली आहेत. मागच्या रांगेतले एक गृहस्थ बराच वेळ हात वर करून बसले आहेत, माईक आधी त्यांच्याकडे जाऊ द्या.